खंडेनवमीची करवत

खंडेनवमीला आमच्या गॅरेजमध्ये हत्याराला हात लावायचा नाही. सकाळी पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ती उठेपर्यंत पाना, हातोडी, जॅक, सगळ्यांना सुट्टी. ही रीत वडिलांपासून चालत आली आहे आणि मला ती मनापासून आवडते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणायचं, ही बाई देवाधर्माच्या विरुद्ध दिसते. मी काही विरुद्ध नाही. वर्षभर ज्यांना आपण आपटतो, फेकतो, शिव्या घालतो, त्यांना एक दिवस हळद-कुंकू लावून पाटावर बसवलं तर त्यात वाईट काय आहे? माझा राग रीतीवर नाही. रीत कोणासाठी वाकवायची आणि कोणासाठी नाही, हे जो ठरवतो त्याच्यावर आहे. तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे, त्याला माझा इलाज नाही.

आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज पनवेलात, जुन्या हायवेला लागून आहे. ठोकलेल्या गाड्या येतात. आम्ही पत्रा कापतो, सरळ करतो, जोडतो, खळग्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरतो, रंग मारतो. दादा गिऱ्हाईक सांभाळतो आणि रंगाचं बघतो, पत्र्याचं काम माझं. वडिलांनी आम्हा दोघांनाही एकाच हातोडीवर शिकवलं, पण बाई डेंटर म्हटलं की लोक आधी माझे हात बघतात आणि मग दादाकडे वळून विचारतात, "शेठ, गाडी कधी मिळेल?" याचा राग राग करणं मी आता सोडलंय. म्हणजे, रोज करणं सोडलंय.

हवेवर चालणारी करवत मी हट्टाने आणली. तोवर आमच्याकडे पत्रा कापायला ग्राइंडर होता. ग्राइंडर लावला की ठिणग्या उडतात. त्या काचेवर बसल्या तर काचेला कायमचे ठिपके, सीटवर पडल्या तर भोकं, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं असलं तर विचारूच नका. या करवतीला मोटर नाही, वायर नाही. हातात धरायला ती जाडजूड पिचकारीसारखी. कॉम्प्रेसरची हवा पाइपातून येते आणि पुढचं बोटभर ब्लेड मागेपुढे इतक्या वेगाने धावतं की ते हलताना दिसतसुद्धा नाही. लोण्यातून सुरी जावी तसं काही होत नाही, जाहिरातीत काहीही सांगोत. पण पत्रा सरळ रेषेत कापला जातो आणि ठिणगी जवळजवळ उडत नाही. तिचा हट्ट एकच. ब्लेडच्या बुडाशी एक लोखंडी टेकू असतो, तो पत्र्याला घट्ट दाबून धरायचा. जरा सैल सुटला की ती कापायचं सोडून अख्खा पत्रा थडथडवते.

दादाने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाला, "हे काय खेळणं आणलंस?" महिन्याभरात तोच तिला कपाटात कुलूप लावून ठेवायला लागला. आणि खंडेनवमीला पाटावर मधोमध तिची जागा झाली, वडिलांच्या हातोडीच्या शेजारी. ती जागा दादानेच दिली, हे मला कबूल केलं पाहिजे.

तर त्या वर्षीची खंडेनवमी. सकाळी पूजा झाली. कामगार प्रसाद घेऊन घरी गेले. कॉम्प्रेसरलाही झेंडूचा हार घातला होता, कपाळ नसल्यामुळे त्याला टाकीवर कुंकू लावलं होतं. दादा नवा सदरा घालून दारात खुर्ची टाकून बसला होता, वहिनी आत पूजेची भांडी आवरत होती आणि मी उंबऱ्यावर बसून पेढा खात होते. तेवढ्यात बाहेर आवाज झाला. आमच्या धंद्यात तो आवाज ओळखायला वर बघावं लागत नाही.

जासईकडून येणारे कंटेनरचे ट्रेलर आमच्या दारासमोर रस्त्याच्या कडेला उभे असतात. उभे कसले, मुक्कामालाच असतात. ड्रायव्हर जेवायला जातात, झोपायला जातात, गावाला जातात की काय देव जाणे. मी किती वेळा सांगितलं, भांडले, एकदा तर टायरची हवा सोडायला निघाले होते, वहिनीने धरलं म्हणून वाचले. अशाच एका उभ्या ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यावर एक व्हॅन डाव्या अंगाने घुसली होती. व्हॅन मजुरांची होती. नेऱ्याच्या पलीकडे डोंगराखाली वाड्या आहेत, तिथले कातकरी-ठाकूर बाया-बाप्ये बांधकामावर नेणारी. चालवणारा त्यांचा मुकादमच. सणाला तुमच्या-माझ्या घरात गोडधोड असतं, त्यांना स्लॅबची तारीख असते.

मागची माणसं एकेक करून बाहेर पडली. कोणाचं डोकं फुटलेलं, कोणाचा हात सुजलेला, पण चालत होती. पुढच्या डाव्या सीटवर एक बाई अडकली होती. तिशीची असेल. दार आत चेपलं होतं आणि दाराखालचा पत्र्याचा पट्टा, आम्ही त्याला रनिंग बोर्ड म्हणतो, तो दुमडून तिच्या डाव्या नडगीवर बसला होता. ती ओरडत नव्हती. दोन्ही हातांनी मांडी धरून हू हू करत होती आणि तिचा नवरा खिडकीतून तिचं डोकं कुरवाळत होता. पाय दिसत होता तेवढा निळा पडत चालला होता.

मी जवळ गेले आणि मला वास आला. गॅसचा. व्हॅन सीएनजीवरची होती.

मुकादमाला ओरडून सांगितलं, सिलिंडरचा व्हॉल्व बंद कर. तो कपाळाला हात लावून बसला होता, दोनदा ओरडल्यावर उठला आणि त्याने बंद केला, पण वास लगेच जाईना. बॅटरीची वायर मी सोडली, हाताने सुटली म्हणून बरं. कोणीतरी फायर ब्रिगेडला फोन केला. गाडी निघाली होती, पण सणाची गर्दी आणि रस्त्याला हे ट्रेलर. तोवर समोरच्या सोसायटीतले लोक खाली आले होते. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. एक गृहस्थ, चांगले शिकलेसवरलेले, मला म्हणाले, "मॅडम, प्लीज जरा साइडला व्हाल का? फ्रेममध्ये येताय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि ते त्यांच्या व्हिडिओत नक्की आहे.

आमच्या शेजारी खिडक्यांच्या ग्रिल बनवणारे एक चाचा आहेत. त्यांचं दुकान चालू होतं. ते धावत आले, हातात ग्राइंडर आणि मागे लांबलचक वायर. भला माणूस. पण मी दोन्ही हात पसरून आडवी झाले. "चाचा, नको! गॅस आहे, एक ठिणगी उडाली तर सगळे जाऊ." ते बिचारे लगेच थांबले. गर्दी मात्र माझ्यावर खवळली. "अहो बाई, जीव चाललाय तिचा!" "तिला काय कळतंय?" "कापू द्या ना त्यांना!" उंटावरच्या शहाण्यांना उंट लागत नाही, फूटपाथही पुरतो.

मला जे हवं होतं ते आत पाटावर होतं, झेंडूच्या माळेत.

मी आत वळले तर दादा पाटासमोर उभा. त्याला कळलं होतं मी कशाला आले ते.

"हात लावायचा नाही हं," तो म्हणाला. "पूजा मांडलीय."

"दादा, बाई अडकलीये."

"दिसतंय मला. फायर ब्रिगेड येतेय ना? त्यांचं काम आहे ते."

"तोवर पाय जाईल तिचा."

"आणि आपल्या धंद्याचं काय? वर्षभर भोगायला लागतं असलं काही केलं की. बाबांनी कधी उचललं होतं हत्यार नवमीला?"

बाबांचं नाव काढलं की मी गप्प बसते, हे त्याला माहीत आहे. त्या दिवशी नाही बसले. कारण आदल्याच वर्षी, याच दिवशी, याच पाटावरून दादाने पान्यांचा अख्खा सेट उचलला होता. का? तर एका बिल्डरसाहेबांना दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घेऊन देवीला जायचं होतं आणि त्यांचा बंपर सैल झाला होता. सैल! पडला नव्हता, सैल. दादाने हात जोडले, "देवा, माफ कर, साहेबांचं अर्जंट आहे," म्हणाला आणि बंपर आवळून दिला. वर साहेबांना प्रसादही दिला. तेव्हा धंदा बुडाला नाही, देव कोपला नाही, बाबाही कोणाच्या स्वप्नात आले नाहीत.

"मग बिल्डरच्या बंपरला कसं चाललं?" मी विचारलं.

"ती गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी होती? सांग ना. काय वेगळं होतं?"

  दादाने नुसतं दाराबाहेर पाहिलं, त्या व्हॅनकडे, रस्त्यावर बसलेल्या त्या अनवाणी माणसांकडे. आणि मला सगळं उत्तर मिळालं. माझा भाऊ वाईट माणूस नाही. गणपतीत वर्गणी देतो, गल्लीत कोणी गेलं की खांदा द्यायला पहिला असतो. पण त्या क्षणी त्याच्या हिशेबात व्हॅनमधली ती बाई बंपरपेक्षा खाली होती. हे मला दिसलं आणि मी ते आजपर्यंत विसरलेले नाही.

मी त्याला बाजूला ढकललं. खरंच ढकललं, लहानपणी ढकलायचे तसं. माळ तोडली आणि करवत उचलली. तेवढ्यात मागे भट्टदिशी कॉम्प्रेसर चालू झाला. बघते तर वहिनीने टाकीवरचा हार काढून खुंटीला अडकवला होता आणि स्विच दाबून ती पुन्हा भांड्यांकडे वळत होती.  

कॉम्प्रेसर आत, लांब होता, ते बरंच होतं. पाइप मात्र पुरेना. दोन पाइप जोडून तो व्हॅनपर्यंत आणला. करवत हातात घेऊन मी खाली वाकले आणि त्या बाईने ती पाहिली. एवढा वेळ जी ओरडली नव्हती ती जिवाच्या आकांताने ओरडली, "नको गो बाय! माजा पाय कापू नको! मना कामाव जायचा हाय!"

तिला वाटलं, मी पायच कापायला आले आहे. आणि तिला भीती दुखण्याची नव्हती, कामाची होती. मी तिला सांगितलं, "पाय नाही गं, पत्रा कापतेय." तिचा विश्वास बसेना. तिचा नवरा म्हणाला, "पत्रा कापतेय ती. तुजा पाय ऱ्हानार हाय." मग तिने डोळे मिटून घेतले.

पत्र्याचा एक तुकडा घेतला, त्याला ओलं पोतं गुंडाळलं आणि तो तिची नडगी नि दुमडलेला पत्रा यांच्या फटीत सरकवला, ब्लेड निसटलं तर त्यावर जावं म्हणून. चाचांना सांगितलं, इथे दोन्ही हातांनी दाबा, पत्रा हलता कामा नये. कारण पत्रा थडथडला की ते सगळं थडथडणं तिच्या हाडात जाणार. चाचांनी गुडघा टेकवला, वजन टाकलं आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत राहिले, दुआ असावी. मी टेकू घट्ट दाबला आणि ट्रिगर ओढला.

आधी दाराच्या बिजागरीकडची बाजू कापली, मग खालचा दुमडलेला पट्टा. रनिंग बोर्डात पत्र्यावर पत्रा असतो, तिथे ब्लेड अडखळत होतं. एक ब्लेड मोडलं. दुसरं बदलत होते तर मागून कोणीतरी, "अजून किती वेळ?" असं विचारत होतं, जसं काही गाडी धुवायला टाकली आहे. शेवटी पट्टा सुटला. मी आणि चाचांनी तो बाहेर ओढला, नवऱ्याने तिला काखेत धरून उचललं. पाय रक्ताळलेला होता, वाकडा होता, पण सबंध होता. फायर ब्रिगेडची गाडी वळणावर दिसली तेव्हा ती रिक्षात बसली होती. ते लोक उतरले, कापलेली जागा पाहिली आणि त्यांच्यातला एक मला म्हणाला, "बरं झालं ताई." त्या दिवशी ते तीन शब्द एवढे गोड लागले की मला रडू आलं.

आत आले तर दादा करवतीची वाट बघत होता. त्याने ती माझ्या हातातून घेतली, रक्त पुसलं, गोमूत्र शिंपडलं आणि नवी माळ घालून परत पाटावर ठेवली.  मला वाटलं, चला, एवढ्यावर भागलं.

भागलं नव्हतं. दिवाळीच्या आधी कॉम्प्रेसरची मोटर जळली. जळणारच होती, मी पावसाळ्यापासून सांगत होते की ती गरम होतेय. पण दादाला कारण सापडलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला, "नवमीला हत्यार उठवलं ना पाटावरून, त्याचं फळ." चहावाल्याला सांगितलं, स्पेअर पार्टवाल्याला सांगितलं, आणि एक दिवस व्हॅनच्या पत्र्याचा खर्च विचारायला मुकादम आला, त्यालाही सांगितलं. मी समोर उभी राहून म्हणाले, "मोटर जुनी होती." दादा म्हणाला, "जुनी होती तर आजवर चालली कशी?"  असल्या वादात माणूस नेहमी हरतो.

दिवाळी होऊन महिना झाल्यावर एका सकाळी ती बाई गॅरेजच्या दारात उभी होती. मी आधी ओळखलंच नाही, उभं असलेलं मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. काखेत काठी, शेजारी नवरा. प्लास्टर निघालं होतं, पण पाय गुडघ्यापासून ताठ होता. मला इतका आनंद झाला की हातातलं काम टाकून धावले. म्हटलं, आत ये, बस, चहा घे. ती आत येईना. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "ताय, शेठ हाय का?"

"शेठ कशाला? काय काम आहे?"

तिने पदराखालून नारळ काढला. उदबत्तीचा पुडा, हळद-कुंकवाच्या पुड्या.

"मुकादम बोल्ला, आमच्यामुलं तुमचा देव उठला. तुमची मशीन जलली. आमाला म्हाईत नवता, ताय. आमी काय मुद्दाम नाय केला."

 मला भयंकर संताप आला. मी नारळ तिच्या हातात परत कोंबला. म्हटलं, "तू कसली माफी मागतेस? तुझी काय चूक? ट्रेलर त्यांनी लावला, गाडी मुकादमाने ठोकली, मोटर आमची जुनी. घेऊन जा हे घरी, पोरांना खोबरं दे." नवरा खाली मान घालून उभा. ती म्हणाली, "नको ताय. घेऊ द्या त्यांना. आमाला झोप नाय लागत."

तोवर दादा बाहेर आला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. मला खरंच वाटलं, आता तरी त्याला लाज वाटेल. समोर एक बाई काठीवर उभी आहे, जिचा पाय जाणार होता, आणि ती आमच्या मोटरची माफी मागतेय. दगडालाही कळेल. दादाने नारळ घेतला. देव्हाऱ्यासमोर नेऊन फोडला, पाणी करवतीवर शिंपडलं आणि खोबऱ्याचा तुकडा आणून तिच्या हातावर ठेवला. त्याचा चेहरा एकदम निवळला होता. चांगल्या मनाने, अगदी मोठेपणाने तो म्हणाला, "जा आता. मनात काही ठेवू नकोस. मी माफ केलं."

मी ओरडले, "दादा!" पण ती त्याच्या पाया पडायला निघाली होती. तिचा तो पाय वाकत नव्हता, म्हणून नवऱ्याने तिला दंडाला धरून खाली वाकवलं.